पहिल्या नंबराचा पत्ता

कॅमेरा विकत घेणारी माणसं जगात कमी होत चालली आहेत. कॅमेऱ्यांच्या विक्रीच्या याद्या वाचणारी मात्र वाढत चालली आहेत. ही दुसरी जमात तशी निरुपद्रवी. ती कुणाला धरून फोटो दाखवत नाही, लग्नात अंतरपाटाच्या आड येत नाही, डोंगरमाथ्यावर तिपाई रोवून सूर्यास्त अडवत नाही. तिला फक्त एवढंच सिद्ध करायचं असतं की आपल्या कपाटात जो कॅमेरा आहे, तोच या महिन्यात जपानमध्ये पहिला आला.

जपानमध्येच का? कारण या धंद्यातली बहुतेक मोठी नावं तिथली. कॅनन, निकॉन, सोनी, फुजीफिल्म, पॅनासॉनिक, रिको, झालंच तर आता ओएम सिस्टीम म्हणून वावरणारं ऑलिंपस. दुसरं असं की तिथल्या दुकानांना आपल्याकडे काय जास्त खपतं हे जाहीर करायची हौस आहे. म्हणजे किती खपलं ते सहसा सांगत नाहीत, कुठला कॅमेरा कितव्या नंबरावर आहे तेवढं सांगतात. आकडा झाकायचा आणि क्रमांक उघडा ठेवायचा, यात भांडणाला केवढी ऐसपैस जागा मिळते, हे ज्याने शोधून काढलं त्याला मानलं पाहिजे.

आमच्या व्हॉट्सअॅप गटात या भांडणाचे तीन मानकरी आहेत. एक निकॉनवाले काका. बँकेतून निवृत्त, थंडीत भिगवणला रोहित पक्ष्यांच्या मागे. दुसरा सोनीवाला, हिंजवडीत नोकरीला. त्याचे फोटो कमी आणि सेटिंगचे स्क्रीनशॉट जास्त येतात. तिसरा फुजीवाला. हा रंगांवर बोलतो, आणि चहाच्या कपाचा फोटो टाकून खाली फक्त ‘क्लासिक क्रोम’ असं लिहितो. कॅननवाला गटात कुणीच नाही. जगात विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कॅननचे असतात, पण ते ज्यांच्याकडे आहेत ती माणसं लग्नाच्या ऑर्डरी पुऱ्या करण्यात गुंतलेली असतात. त्यांना याद्या वाचायला वेळ नाही.

गंमत पुढेच आहे. महिना उलटला की हे तिघंही तीन वेगवेगळ्या याद्या टाकतात, आणि तिन्ही याद्यांत पहिला नंबर वेगळा असतो. काकांच्या यादीत निकॉन. सोनीवाल्याच्या यादीत सोनी. फुजीवाल्याची यादी थोडी खालून सुरू होते, पण त्याचंही काहीतरी निघतं. आणि तिन्ही याद्या खऱ्या असतात! कुणीही खोटं बोलत नाही. असं भांडण मिटणार तरी कसं?

आधी सोनीवाल्याची यादी घेऊ. ती बीसीएन या कंपनीची. देशभरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळी दुकानांच्या काउंटरवर बारकोड वाजला, पावती फाटली, की ती नोंद हिच्याकडे जाते. बिक कॅमेरा, यामादा, एदिऑन, जोशिन अशी दुकानं त्यात आहेत, अॅमेझॉनचं जपानी दुकानही आहे. यातून रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे क्रम निघतात आणि वर्षाअखेरीच्या बेरजेवरून प्रत्येक गटातल्या अव्वल कंपनीला पुरस्कार देतात. कंपन्या तो पुरस्कार जाहिरातीत छापतात. इथवर सगळं सरकारी जनगणनेइतकं गंभीर.

फक्त यात योदोबाशी कॅमेरा नाही.

हे म्हणजे किती मोठं ‘फक्त’ आहे, ते कळायला टोकियोत एकदा जायला हवं. १९६० साली सुरू झालेल्या या दुकानाच्या आज स्टेशनांना खेटून बहुमजली इमारती आहेत. आत कॅमेरे तर आहेतच, शिवाय फ्रिज, भात शिजवायचे कुकर, खेळणी, सुटकेसा, घड्याळं. दिवसभर दुकानाचं स्वतःचं गाणं वाजत असतं. चाल अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातल्या समरगीताची आणि शब्दांत आगगाड्यांच्या मार्गांची नावं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ते डोक्यात जातं, आणि डोक्यात गेलं की गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच सुटतं. किमतीवर पॉइंट मिळतात, बऱ्याच वस्तूंवर दहा टक्के. कॅमेरा घेतला की त्या पॉइंटांची बॅटरी घ्यायची, बॅटरीवर मिळालेल्या पॉइंटांचं आणखी काही. या साखळीतून सुटका नसते. एवढं मोठं दुकान स्वतःची विक्री कुणाला मोजायला देत नाही. स्वतःची यादी स्वतःच काढतं, तीही दर पंधरवड्याला.

त्या यादीत दिसतात पगारदार माणसाचे कॅमेरे. संध्याकाळी ऑफिसातून सुटलेला, टाय सैल केलेला, स्टेशनकडे जाता जाता ‘नुसतं बघू’ म्हणून आत शिरलेला हा माणूस. सोनीचे अल्फा ७ फोर किंवा अल्फा ७ सी टू असे फुल-फ्रेम कॅमेरे गेल्या काही वर्षांत तिथे वरच्या जागी दिसत आले, बऱ्याचदा नुसती बॉडी. लेन्स घरी आधीच आहे, किंवा आहे असं घरी सांगितलेलं आहे.

योदोबाशीच्या टोकियोतल्या शिंजुकू भागातल्या मुख्य दुकानापासून पायी काही मिनिटांवर मॅप कॅमेरा नावाचं दुकान आहे. काकांची यादी इथली. स्टेशन तेच, बाजूही तीच, हवा तीच, पाऊसही तोच. पण इथला पहिला नंबर वेगळा. निकॉनचे झेड ८, झेडएफ, झेड ६ थ्री हे अलीकडच्या वर्षांत या यादीत वारंवार वर दिसले. रिकोचा जीआर थ्री हा खिशात मावणारा, झूम नसलेला, दिसायला साधा कॅमेरा २०१९ साली आला आणि वर्षानुवर्षं इथल्या यादीत ठाण मांडून बसला. बीसीएनच्या यादीत त्याला शोधायला भिंग लागतं.

असं का होतं, याचं उत्तर दुकानाच्या मालकीत आहे. मॅप कॅमेरा १९९४ पासूनचं, आणि ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव श्युप्पिन. हिची आणखीही दुकानं आहेत. एक उंची घड्याळांचं, एक फाउंटन पेनांचं, आणि एक महागड्या सायकलींचं. कॅमेरा, घड्याळ, पेन, सायकल! पंचेचाळिशी ओलांडलेल्या, कर्ज फिटत आलेल्या, मुलं हाताशी न राहिलेल्या पुरुषाच्या काळजाचा इतका नेमका नकाशा कुठल्या मानसशास्त्रज्ञानेही काढलेला नसेल. अशा दुकानात जाऊन लोकप्रिय कॅमेरा कुठला हे मोजणं म्हणजे शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर बसून गावात कुठल्या देवाचे भक्त जास्त, याची शिरगणती करणं. गणती चुकणार नाही. वार आणि दार मात्र ठरलेलं आहे.

त्यात मॅप कॅमेरा नव्याबरोबर जुनेही कॅमेरे घेतं-विकतं, आणि तिथल्या विक्रीची खरी मेख ही आहे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येत नाही. जुना कॅमेरा आणि दोन लेन्स पिशवीत घालून येतं, त्यांची किंमत करून घेतं, वरचे पैसे भरतं आणि नवा घेऊन जातं. त्यामुळे तीन-चार लाख येनांचा कॅमेराही हातून सुटत नाही, कारण पैसे खिशातून कमी आणि कपाटातून जास्त येतात. शिवाय घरातल्या कॅमेऱ्यांची संख्या तेवढीच राहते. गेला तोही काळा, आला तोही काळा. यातली घरगुती सोय विवाहित वाचकांना समजावून सांगायला नको.

या दुकानाची एक दुसरी यादी निघते, जुन्या कॅमेऱ्यांच्या विक्रीची. मला विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक यादी ती. नव्याच्या यादीत जाहिरात बोलते, सवलत बोलते, नव्या नवलाईचे दिवस बोलतात. जुन्याच्या यादीत कुणी बोलत नाही. नवं मॉडेल बाजारात आलं की आधीचं ढिगाने दुकानात परत येतं, भाव उतरतो, आणि मग तीन वर्षं डोळा ठेवून बसलेला शहाणा माणूस पुढे होतो. गटात ही यादी कुणी टाकत नाही. तिच्यात आपला कॅमेरा वर दिसला तर आनंद मानावा की लोक तो विकून मोकळे होत आहेत म्हणून काळजी करावी, ते ठरत नाही.

तिसऱ्या तऱ्हेचं दुकान म्हणजे कितामुरा. १९३४ साली शिकोकू बेटावरच्या कोची शहरात सुरू झालेलं. याच्या शाखा देशभर, उपनगरांत, मॉलमध्ये. बरोबर ‘स्टुडिओ मारिओ’ नावाचा फोटो स्टुडिओ. नोव्हेंबरात शिची-गो-सान नावाचा मुलांचा सण असतो. तीन, पाच, सात वर्षांची पोरं किमोनो घालून देवळात नेतात, आणि त्यांचे फोटो काढायला आईबाप अशा स्टुडिओत येतात. पोराच्या शाळेत खेळांचा दिवस आला की याच आईबापांना लांबून फोटो काढणारा कॅमेरा हवा असतो. कॅननने ईओएस किस ही मालिका १९९३ साली काढली ती मुळी अशाच घरांसाठी, विशेषतः आयांसाठी. पुढे डिजिटल आणि मग मिररलेस होऊन आलेला ईओएस किस एम, तोही दोन झूम लेन्स एकाच खोक्यात घालून, बीसीएनच्या यादीत २०१८ पासून दोन-तीन वर्षं पहिल्या जागेभोवती घुटमळत होता. मॅप कॅमेऱ्याच्या गिऱ्हाइकाने त्या खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. त्याचा मुलगा कधीच कॉलेजात गेला.

खोक्यावरून आठवलं. एकच कॅमेरा नुसती बॉडी, एका लेन्ससह आणि दोन लेन्सेससह असा तीन खोक्यांत येतो, आणि काही याद्यांत ही तीन खोकी तीन वेगळे उमेदवार म्हणून उभी राहतात. मग मतं फुटतात. तिघांची बेरीज पहिल्याहून मोठी असूनही तिघंही चौथ्या, सातव्या आणि अकराव्या जागी. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार नवा नाही.

आता ऑलिंपसची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पहिल्या नंबराची किंमत कळत नाही. २०१७ च्या विक्रीवर बीसीएनने जपानमधला मिररलेस कॅमेऱ्यांचा अव्वल पुरस्कार दिला ऑलिंपसला. कॅनन मागे, सोनी मागे. खपत होते ते पेन मालिकेतले छोटे, देखणे कॅमेरे. पांढरे, चामड्यासारख्या तपकिरी रंगाचे, मुलींच्या पर्समध्ये मावणारे आणि मुख्य म्हणजे स्वस्त. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असे कॅमेरे दोन लेन्सेसच्या खोक्यात पटापट निघतात, विशेषतः मागच्या वर्षीचं मॉडेल भाव पाडून ठेवलं की. नंबर पहिला आला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, जून २०२० मध्ये, ऑलिंपसने आपला कॅमेऱ्यांचा धंदाच विकायला काढल्याचं जाहीर केलं, कारण तो सलग तीन वर्षं तोट्यात होता. १ जानेवारी २०२१ ला तो नव्या कंपनीच्या हवाली झाला. मॅप कॅमेऱ्याच्या यादीवर ज्याची नजर होती, त्याला महागड्या कॅमेऱ्यांत ऑलिंपसची पोच किती हे आधीपासून दिसत होतं. पुरस्काराची ढाल मात्र कुठल्यातरी कपाटात चकचकीत उभी असेल.

नग मोजायचे की पैसे, हा तो प्रश्न. अलीकडचं चोख उदाहरण कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचं. फुजीफिल्मने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स१०० सिक्स जाहीर केला, जपानमध्ये तेव्हा किंमत २,८१,६०० येन. दुसरीकडे कोडॅक पिक्सप्रो एफझेड५५ नावाचा एक चिमुकला कॅमेरा आहे, सोळा मेगापिक्सेल, पाचपट झूम, किंमत वीस हजार येनांच्या आसपास. एका फुजीच्या पैशांत असे डझनभर कोडॅक येतील, वर पिशव्याही मिळतील. पण यादीत एक फुजी म्हणजे एक आणि एक कोडॅक म्हणजेही एकच. २०२४ साली बीसीएनच्या कॉम्पॅक्टच्या यादीत वर कोण? कोडॅक! आमच्या फुजीवाल्याने तो दिवस चहाच्या कपाचा फोटो न टाकता काढला.

या कोडॅकचा इतिहास असा की तो ऐकून नियतीला विनोदबुद्धी आहे यावर विश्वास बसतो. पहिला डिजिटल कॅमेरा बनला १९७५ साली अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत. स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनियरने तो जुळवला. वजन साडेतीन किलोहून जास्त, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. कंपनी फिल्म विकत होती, त्यामुळे या शोधाने तिला आनंद झाला असं म्हणता येत नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्याच महिन्यात डिजिटल कॅमेरे बनवणं थांबवत असल्याचं सांगितलं. आज कोडॅक नावाने जे कॅमेरे येतात ते जेके इमेजिंग ही दुसरीच कंपनी नाव भाड्याने घेऊन काढते, आणि जपानमध्ये ते विकते मास्प्रो ही टीव्हीच्या अँटेना बनवणारी कंपनी. तर अँटेनावाल्यांनी विकलेला, भाड्याच्या नावाचा, कॅमेऱ्यांचा धंदा सोडून दिलेल्या कोडॅकचा कॅमेरा कॅमेऱ्यांच्या माहेरघरात पहिला आला.

यात चमत्कार काही नाही. फोनने स्वस्त कॉम्पॅक्ट मारले. मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं एकामागून एक बंद केलं. मग तरुण पोरांना वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांसारखे जरा धुरकट, फ्लॅश मारलेले फोटो आवडू लागले. शाळेच्या सहलीला फोन न्यायला मनाई आणि कॅमेऱ्याला परवानगी, हाही भाग आहेच. गिऱ्हाईक दुकानात आलं, तर फळीवर वीस हजारांत उरलं होतं फक्त कोडॅक. मैदानात एकच गडी असेल तर शर्यत जिंकणं अवघड नसतं. हे पाहून ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅननने आपला २०१६ चा आयएक्सवाय ६५० थोडी काटछाट करून, आठ वर्षांनी, पुन्हा बाजारात आणला. काही सोयी काढल्या आणि किंमत वाढवली. याला म्हणतात धंद्याची समज.

एक्स१०० सिक्स मागे का पडला, याचंही उत्तर आवडीनिवडीत नाही. तो मिळतच नव्हता. मागणी एवढी की दुकानांनी नोंदणी थांबवली, काही ठिकाणी सोडत काढली. विक्रीच्या यादीत मागणीला किंमत नाही, डिलिव्हरीला आहे. दोन महिने साठलेली नोंदणी एका दिवसात वाटली गेली की कॅमेरा धाडकन पहिला, आणि पुढच्या महिन्यात माल नाही म्हणून यादीतून गायब. सोनीवाला लगेच विचारतो, काय रे, उतरली का हौस? फुजीवाला म्हणतो, अरे, दुकानात आहे कुठे! दोघंही बरोबर असतात.

जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. काउंटरजवळ अमुक कंपनीचं जाकीट घातलेला एक नम्र माणूस उभा असतो. तो दुकानाचा नोकर नसतो, कंपनीने पाठवलेला असतो. तुम्ही दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा उचललात तरी तो रागावत नाही. वाकतो, हसतो, त्या कॅमेऱ्याचं मनापासून कौतुक करतो आणि दहा मिनिटांनी तुम्ही त्याच्या कंपनीचा कॅमेरा घेऊन बाहेर पडता. शनिवार-रविवारी कुठल्या दुकानात कुणाची किती जाकिटं उभी होती, याची यादी कुणी काढत नाही. काढली तर बाकीच्या याद्यांची गरज उरणार नाही. मॅप कॅमेऱ्यात येणाऱ्या माणसावर असल्या जाकिटाचा परिणाम होत नाही, कारण तो जाकीटवाल्यालाच दहा मिनिटं ऐकवून बाहेर पडतो.

अमेरिकेकडेही एक नजर टाकू, फार नको. अॅमेझॉनची यादी तासातासाला बदलते, आणि तिथल्या डिजिटल कॅमेऱ्यांत लहान मुलांचे ससा-मांजराच्या तोंडाचे कॅमेरे आणि कधी न ऐकलेल्या नावांचे, ‘फोर-के’ असं ठळक लिहिलेले कॅमेरे निकॉन-कॅननच्या डोक्यावर बसलेले असतात. शिवाय प्रत्येक उपगटाचा पहिला नंबर वेगळा. त्यामुळे गट पुरेसा छोटा निवडला तर कुणालाही पहिलं येता येतं. उलट न्यूयॉर्कच्या नाइन्थ अॅव्हेन्यूवरचं बी अँड एच हे १९७३ पासूनचं दुकान. मालक धर्मनिष्ठ ज्यू. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत दुकान बंद असतं, इतकंच नव्हे तर त्यांच्या संकेतस्थळावरही त्या वेळात ऑर्डर घेत नाहीत. अॅमेझॉनवर त्या एका दिवसात ससा-मांजर चोवीस वेळा वरखाली होतात. बी अँड एचमध्ये सगळ्या कॅमेऱ्यांना सुटी.

आपल्याकडे अशी यादी निघत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. मुंबईत बोरा बाजारात कुठल्याही काउंटरला जाऊन ‘सध्या काय चाललंय?’ विचारा. शेठ एका क्षणात पहिला नंबर सांगतो. तो कॅमेरा त्याच्या मागच्या फळीवर असतो. दुसरा नंबर विचारलात तर पोऱ्याला वर माळ्यावर पाठवतो. लग्नसराईच्या आधी काय खपतं हे त्याला पाठ असतं, पण ते तो तुम्हाला का सांगेल? आणि आपल्याकडे कॅमेरा बिलावरही मिळतो आणि बिलाशिवायही. बिलाशिवाय गेलेला कॅमेरा कुठल्या यादीत चढायचा, ते चित्रगुप्ताने बघावं.

पण आपला माणूस जपानच्या यादीत मात्र चढतो, आणि हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलेलं नाही. २०२४ मध्ये येन इतका घसरला की जुलैत डॉलरला १६० च्या वर गेला होता. त्या वर्षी ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पाहुणे जपानला आले, आणि पासपोर्ट दाखवला की १० टक्के उपभोग कर माफ. मग चेरीची फुलं बघून झाली की पाहुण्यांचा मोर्चा वळतो शिंजुकूकडे. कुणाचा भाचा ऑफिसच्या कामाला गेलेला असतो आणि मामाने फोनवर मॉडेलचा नंबर नीट पाठ करून घेतलेला असतो. दुकानात बारकोड वाजतो, नोंद होते, आणि जपानी जनतेची पसंती म्हणून यादीत एकाची भर पडते. कॅमेरा मात्र त्या रात्रीच्या विमानाने सांगलीच्या वाटेला. पुढच्या महिन्यात तीच यादी पाहून मामा म्हणतात, ‘बघ, जपानी माणूससुद्धा हाच घेतो!’

आमच्या एका स्नेह्यांनी असाच भाच्याकरवी कॅमेरा मागवला. आला, सुंदर आला, बिलासकट आला. चालू केला तर मेनू सगळा जपानीत. भाषा बदलायच्या खटपटीत दोन रविवार गेले. मग कळलं की भाषा बदलायची सोयच त्यात नाही. काही कंपन्या आपल्या देशात विकायच्या कॅमेऱ्यात फक्त आपलीच भाषा ठेवतात, बाहेरच्यांनी स्वस्तात उचलून नेऊ नये म्हणून. स्नेही आता फक्त ऑटोवर फोटो काढतात. कुणी विचारलं तर सांगतात, कॅमेरा कसला बघता, हा जपानमध्ये पहिला आहे.

तेव्हा यंदा तुमच्यापैकी कुणी टोकियोला जाणार असेल, तर याद्यांच्या नादी न लागता आधी दुकानातच कॅमेरा चालू करून मेनूत इंग्रजी आहे का ते बघा. पासपोर्टचा झेरॉक्स चालत नाही, मूळ पासपोर्टच जवळ ठेवा. वॉरंटी भारतात चालते का तेही विचारा, बहुतेक वेळा चालत नाही. आणि १ नोव्हेंबर २०२६ नंतर जात असाल तर खिशात दहा टक्के जास्त येन ठेवा. त्या दिवसापासून दुकानात कर भरावा लागेल आणि तो परत मिळेल देश सोडताना.